चार मोठ्या स्पर्धा आणि एक छोटी गोळी

गुडघेदुखी, मधुमेह, निद्रानाश, विस्मरण अशा विषयांच्या शेजारी गोल्फच्या स्पर्धांवर लागणाऱ्या पैजांविषयीचा लेख पाहून आपणांस नवल वाटेल. जुगार हा नीतीचा विषय, फार तर कायद्याचा. आरोग्याच्या पाक्षिकात त्याचे काय काम, असेही कोणी विचारील. परंतु काही घरांत या दोहोंचा संबंध एका औषधाच्या गोळीइतका ठोस असतो. तो मी जवळून पाहिला आहे. आपल्यापैकी जे कंपवाताच्या रुग्णाची शुश्रूषा करीत आहेत, त्यांनी तरी हा लेख शेवटपर्यंत वाचावा, अशी माझी विनंती आहे.

मी मूळचा सांगलीचा. स्थापत्य अभियंता म्हणून नोकरीनिमित्त स्कॉटलंडमध्ये आलो आणि टे नदीकाठच्या डंडी शहरात आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे काढली. माझे वय आता ७६ आहे. आमच्या शहरातून किनाऱ्याच्या कडेने पूर्वेला गेले की कार्नुस्टी लागते. पूल ओलांडून दक्षिणेला गेले की सेंट अँड्र्यूज. गोल्फच्या जगातली ही दोन तीर्थक्षेत्रे आमच्यापासून मोटारीने अर्ध्या तासाच्या आतबाहेर आहेत. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर रविवारी सहसा खेळ होत नाही. त्या दिवशी गावातली माणसे मुलांना आणि कुत्र्यांना घेऊन तिथे फिरायला येतात. माझी आणि माझ्या मित्राची रविवारची फेरीही अनेक वर्षे तिथेच होत असे. या मित्राला आपण नाना म्हणू. ते खरे नाव नव्हे.

पैज कशी लागते

गोल्फ न पाहणाऱ्या वाचकांसाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. पुरुषांच्या व्यावसायिक गोल्फमध्ये वर्षाला चार स्पर्धा सर्वांत मोठ्या मानल्या जातात. एप्रिलमध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ऑगस्टा येथे मास्टर्स, मे महिन्यात पीजीए चॅम्पियनशिप, जूनमध्ये यूएस ओपन आणि जुलैमध्ये ब्रिटनमधील ओपन. यांतली सर्वांत जुनी ओपन; तिची पहिली स्पर्धा १८६० साली स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथे झाली. प्रत्येक स्पर्धा गुरुवारी सुरू होते आणि रविवारी संपते. चार दिवस, रोज १८ होल, एकूण ७२. पहिल्या दोन दिवसांनंतर मागे पडलेले खेळाडू गळतात. याला ‘कट’ म्हणतात. मास्टर्स सोडली तर इतर तीन स्पर्धांत साधारण १५६ खेळाडू उतरतात.

ब्रिटनमध्ये रस्त्यावरची पैजेची दुकाने १९६१ पासून कायदेशीर आहेत. बसथांबा, बेकरी, औषधांचे दुकान आणि त्याला लागून पैजेचे दुकान, असे दृश्य इथल्या कोणत्याही गावात दिसते. तिथे प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एक भाव लिहिलेला असतो. ‘४० ला १’ असा भाव असेल तर एका पौंडाला चाळीस पौंड मिळतात आणि लावलेला पौंड परत येतो. ऐकायला हे फार गोड वाटते. परंतु सर्व खेळाडूंच्या भावांवरून निघणाऱ्या शक्यतांची बेरीज केली, तर ती शंभर टक्क्यांच्या बरीच वर जाते. शंभराच्या वरचा तो भाग दुकानदाराचा. घोड्यांच्या शर्यतीत आठ-दहा घोडे असतात. इथे दीडशे माणसे असतात आणि प्रत्येकाच्या भावात दुकानदाराने आपली चिमूट ठेवलेली असते.

आणखी एक गंमत पाहा. गोल्फवर पैज लावणारे बहुतेक लोक ‘ईच-वे’ नावाची पैज लावतात. निम्मे पैसे खेळाडू जिंकेल यावर आणि निम्मे तो पहिल्या पाचांत येईल यावर. पाचांत आला तर मूळ भावाचा पाचवा हिस्सा मिळतो. समजा, ४० ला १ भावाच्या खेळाडूवर आपण पाच आणि पाच असे दहा पौंड लावले. तो पाचवा आला; घरात आनंदीआनंद. पण त्याच्या बरोबरीने आणखी चार जण पाचव्या स्थानावर असतील, तर आपल्या पाच पौंडांचे पाच भाग पडतात आणि एकाच भागाला भाव मिळतो. एका पौंडाला आठ पौंड, अधिक तो पौंड, म्हणजे हातात नऊ. गेले दहा, आले नऊ. आपला खेळाडू पाचवा आला, आपण ‘जिंकलो’, आणि खिशातून एक पौंड कमी झाला. गोल्फमध्ये अशा बरोबऱ्या सतत होतात. हा हिशोब मी नानांना कागदावर मांडून दाखवला होता, तेव्हा ते खळखळून हसले होते. ते निवृत्त गणितशिक्षक होते. मी मांडण्याआधीच तो त्यांना ठाऊक होता.

पाच पौंडांचा सोहळा

पैजेचा हा नाद सरसकट वाईट होता असे मी म्हणणार नाही; तसे म्हणणे खोटे ठरेल. आम्ही दोघे वर्षातून चार वेळा, प्रत्येक मोठ्या स्पर्धेच्या आदल्या बुधवारी, प्रत्येकी पाच पौंड लावीत असू. त्या पाच पौंडांत चार दिवसांची सोबत मिळे. घोड्यांची शर्यत काही मिनिटांत संपते; गोल्फची स्पर्धा गुरुवारच्या सकाळपासून रविवारच्या संध्याकाळपर्यंत माणसाला उत्सुक ठेवते. निवृत्त माणसाच्या आठवड्याला असा आकार फार मोलाचा असतो. सोमवारी आम्ही हरलेली चिठ्ठी फाडून चहा पीत असू आणि पुढच्या स्पर्धेपर्यंत विषय संपे.

वृद्धांना या खेळाचे आकर्षण का वाटते, हे समजायचे असेल तर २००९ सालची टर्नबेरीची ओपन आठवावी. टॉम वॉटसन ५९ वर्षांचे होते. आदल्याच वर्षी त्यांच्या खुब्याचा सांधा बदलला होता. पाच वेळा ओपन जिंकलेला हा खेळाडू रविवारी शेवटच्या होलवर आला, तेव्हा तो होल पार केला की सहावी ओपन त्याची होती. चेंडू हिरवळीवरून किंचित पुढे घरंगळला, मग छोटा फटका हुकला, आणि जादा होलांच्या लढतीत स्ट्युअर्ट सिंक जिंकले. त्या दिवशी नाना आणि मी दोघेही ओल्या डोळ्यांनी बसलो होतो. आमचे पाच-पाच पौंड वॉटसनवर नव्हते, तरीही.

पण हाच खेळ माणसाच्या मनात एक घातक कल्पनाही पेरतो: काहीही घडू शकते. १९९९ साली कार्नुस्टी येथे जाँ वान द वेल्द शेवटच्या होलवर तीन फटक्यांनी पुढे होते आणि तरी हरले. जिंकलेले पॉल लॉरी त्या दिवशी सकाळी दहा फटक्यांनी मागे होते. २००३ साली बेन कर्टिस हे जागतिक क्रमवारीत ३९६ व्या स्थानी असताना, आपल्या पहिल्याच मोठ्या स्पर्धेत, ओपन जिंकून गेले. अशा कथा लक्षात राहतात. उलट बाजू लक्षात राहत नाही. जॅक निकलस यांनी १८ मोठ्या स्पर्धा जिंकल्या, हे सर्वांना पाठ असते; ते १९ वेळा दुसरे आले, हे फारच थोड्यांना. म्हणजे इतिहासातील सर्वांत यशस्वी खेळाडूवर डोळे झाकून पैसे लावणाऱ्यालाही विजयापेक्षा हुकलेला विजयच अधिक वेळा पाहावा लागला असता. मानसशास्त्रज्ञ सांगतात की थोडक्यात हुकलेला डाव जुगाऱ्याला निराश करीत नाही, तो त्याला पुढच्या डावाकडे ढकलतो.

रविवारी येतील

नानांना २०१६ साली पार्किन्सन्सचे, म्हणजे कंपवाताचे निदान झाले. उजवा हात थरथरू लागला, पाऊल जड झाले, सदऱ्याची बटणे लावायला दहा मिनिटे लागू लागली. औषधे सुरू झाली आणि २०१८ च्या सुरुवातीस त्यांत एका गोळीची मात्रा वाढवली गेली. तिचा गुण आला. नाना पुन्हा चालू लागले. त्या जुलैत ओपन कार्नुस्टीला होती; इटलीचे फ्रान्चेस्को मोलिनारी ती जिंकले. नाना काठी घेऊन का होईना, मैदानाच्या कडेने माझ्याबरोबर दोन तास फिरले. वहिनींनी त्या दिवशी घरी देवापुढे साखर ठेवली होती.

त्यानंतरच्या महिन्यांत नाना रात्री जागू लागले. वहिनींना वाटे, आजारात झोप उडतेच. ते फोन घेऊन बाहेरच्या खोलीत बसत. २०१९ चा एप्रिल आला आणि टायगर वुड्स यांनी अकरा वर्षांच्या खंडानंतर मोठी स्पर्धा जिंकली. अमेरिकेत एका गृहस्थाने त्यांच्यावर ८५ हजार डॉलर लावले होते. त्याला ११ लाख ९० हजार डॉलर मिळाल्याची बातमी जगभर झळकली. त्याच दिवशी इतरांनी इतर खेळाडूंवर किती गमावले, याची बातमी कोणी छापत नाही.

जूनमधली यूएस ओपन कॅलिफोर्नियात पेबल बीच येथे होती. तिथली संध्याकाळ म्हणजे आमच्याकडची मध्यरात्र उलटून गेलेली वेळ. ती स्पर्धा संपल्यावर दोन-तीन दिवसांनी वहिनींचा फोन आला.

“भाऊजी, जिन्याच्या खुर्चीसाठी बाजूला ठेवलेले पैसे खात्यात दिसत नाहीत. यांना विचारलं तर म्हणतात, रविवारी येतील.”

जिन्याला बसवायच्या विजेच्या खुर्चीची आगाऊ रक्कम भरायला त्या बसल्या होत्या. नानांचे शयनगृह वरच्या मजल्यावर होते आणि त्यांचे पाय पायरीवर अडखळू लागले होते. त्याच खात्यातून आठवड्याला चार तास मदतीला येणाऱ्या बाईंचे पैसे जात. ते चार तास म्हणजे वहिनींची स्वतःची झोप, स्वतःचा दवाखाना, स्वतःचा श्वास. चौदा महिन्यांत ९,६०० पौंड गेले होते.

मी खाते पाहिले तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. या आमच्या बुधवारच्या पैजा नव्हत्या. एका दिवसात तीस-तीस व्यवहार होते. आज अनेक कंपन्यांच्या ॲपवर केवळ विजेत्यावर पैज लागत नाही; या तिघांत आज कोण सरस, पुढच्या होलवर कोणाचे फटके कमी, कटमधून कोण वाचेल, अशा प्रत्येक क्षणाला भाव असतो. चार दिवसांचा संथ खेळ तुकडे तुकडे करून काही मिनिटांच्या शर्यतींत बदललेला असतो. मोठ्या स्पर्धा नसत त्या आठवड्यांत नाना पहाटे तीन वाजता आशियातल्या कुठल्याशा स्पर्धेवर, नावेही न ऐकलेल्या खेळाडूंवर पैसे लावीत होते. आणि संबंधित कंपनी त्यांना मध्यरात्री फुकट पैजेची आमिषे पाठवीत होती.

ज्या माणसाने आयुष्यभर मुलांना संभाव्यता शिकवली, तो हे करीत होता. तो मूर्ख झाला होता काय? लोभी झाला होता काय? वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर जुगाराच्या दुकानात नव्हते, औषधाच्या डबीत होते.

मेंदूत काय घडते

कंपवातात मेंदूच्या एका भागातील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. डोपामिन हालचालींना वंगण पुरवते, असे ढोबळमानाने म्हणता येईल. परंतु त्याचे दुसरेही काम आहे. ‘पुढे काहीतरी चांगले मिळणार आहे’ ही ओढ मेंदूत ज्या मार्गाने निर्माण होते, त्या मार्गावरही तेच काम करते. कंपवातावरील औषधांचा एक गट डोपामिनची नक्कल करतो. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल, रोटिगोटिन ही त्यांतील नावे. ही औषधे हातापायांना बळ देतात, पण काही रुग्णांत ओढीच्या त्या मार्गालाही अवाजवी चेतवतात. मग कोणी जुगार खेळू लागतो, कोणी गरज नसताना खरेदी करीत सुटतो, कोणी अनावर खातो, कोणाची कामेच्छा अनावर होते.

हे विरळ नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अमेरिका आणि कॅनडातील ३,०९० कंपवाताचे रुग्ण तपासले गेले. त्यांपैकी १३.६ टक्क्यांत अशी एखादी तरी अनावर सवय आढळली. अनावर जुगार ५ टक्क्यांत. डोपामिनची नक्कल करणारी औषधे घेणाऱ्यांत हे प्रमाण १७.१ टक्के होते, तर न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. या सवयी गोळी सुरू केल्याबरोबर दिसतीलच असे नाही. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही त्या उगवतात. म्हणूनच गोळीचा आणि सवयीचा संबंध घरच्यांच्या सहज लक्षात येत नाही.

याच गटातील औषधे रात्री पाय अस्वस्थ होण्याच्या विकारातही दिली जातात. काही मानसिक विकारांत वापरल्या जाणाऱ्या ॲरिपिप्राझोल या औषधाबद्दलही अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१६ साली अशाच स्वरूपाचा इशारा दिला. आणि औषध कोणतेही नसताना, सत्तरीत एखाद्या काटकसरी माणसाचा व्यवहार अचानक बेफाम झाला, तर तो मेंदूच्या पुढच्या भागाच्या ऱ्हासाचा आरंभही असू शकतो. तेव्हा स्वभावातील असा पालट हा उपदेशाचा नव्हे, तपासणीचा विषय आहे.

नानांची दुसरी लढाई

वहिनी, मी आणि नाना तिघे मिळून पार्किन्सन्सच्या विशेष परिचारिकेकडे गेलो. नाना जायला तयार नव्हते. मला वाटले होते, त्यांना लाज वाटत असेल. लाज होतीच, पण त्याहून मोठी भीती होती. ते म्हणाले, “राजाभाऊ, हे सांगितलं तर ती गोळी काढून घेतील. त्या गोळीनं मला माझी बटणं परत दिली आहेत.” एका तराजूत पुंजी होती आणि दुसऱ्या तराजूत स्वतःच्या हाताने सदरा घालण्याचे स्वातंत्र्य. अशा वेळी बाहेरच्याने ‘सांगून टाका की’ म्हणणे किती सोपे असते!

परिचारिकेने कपाळाला आठी न घालता विचारले, “पैजा, खरेदी, खाणे यांपैकी काही वाढले आहे का?” खोकला आहे का, असे विचारावे तितक्या सहजपणे. त्या सहजपणातच अर्धा उपचार होता. नानांनी सगळे सांगितले.

डॉक्टरांनी गोळी एकदम बंद केली नाही. तसे करणे धोक्याचे असते. काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने मात्रा कमी केली आणि दुसऱ्या औषधाच्या वेळा बदलल्या. तो काळ कठीण गेला. नानांना घाम फुटे, उगाच भीती वाटे, रडू येई. हात पुन्हा थरथरू लागला. पण तीन महिन्यांनी ते मला म्हणाले, “अक्कल गेली नव्हती रे. भाव मला सगळे पाठ होते. फक्त थांबायची जागा दिसत नव्हती. आता दिसते.”

दरम्यान घरात काही पक्के उपाय झाले. ब्रिटनमध्ये ‘गॅमस्टॉप’ या व्यवस्थेत नाव नोंदवले की परवानाधारक ऑनलाइन कंपन्या ठरावीक मुदतीपर्यंत त्या माणसाला खेळू देऊ शकत नाहीत. नानांनी पाच वर्षांची मुदत निवडली. बँकेने कार्डावरील जुगाराचे व्यवहार रोखून धरले. नानांनी शुद्धीत, स्वखुशीने वहिनी आणि मुलीच्या नावे आर्थिक व्यवहारांचे मुखत्यारपत्र केले आणि एक अट घातली: आठवड्याला वीस पौंड त्यांच्या हातात मिळावेत व त्यांचा हिशोब कोणी विचारू नये. वहिनींनी ती अट अक्षरशः पाळली. मला वाटते, नाना सावरले त्यात त्या वीस पौंडांचा वाटा मोठा आहे.

गेलेले पैसे परत आले नाहीत. जिन्याची खुर्ची अकरा महिने उशिरा बसली. तोवर नानांचा पलंग खाली बैठकीच्या खोलीत होता आणि वहिनी सोफ्यावर झोपत होत्या. त्यांच्या पाठदुखीचा आरंभ तिथला. जुगाराची किंमत सांगताना आपण नेहमी रक्कम सांगतो. शुश्रूषा करणाऱ्याची पाठ त्या हिशोबात येत नाही.

आपल्या घरासाठी

आपण म्हणाल, आमच्याकडे कुठले गोल्फ आणि कुठली ती दुकाने! महाराष्ट्रात जुगारप्रतिबंधक कायदा १८८७ पासून आहे, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा मंजूर केला. ते योग्यच. परंतु मेंदूतली ओढ कायदा वाचून थांबत नाही. ती लॉटरीच्या तिकिटांत शिरेल, शेअर बाजारातील रोजच्या उलाढालीत शिरेल, फोनवरून मागवलेल्या वस्तूंच्या खोक्यांत शिरेल. शिवाय आपल्यापैकी कित्येकांचे आईवडील सहा-सहा महिने मुलांकडे इंग्लंड-अमेरिकेत राहतात. अमेरिकेत २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अनेक राज्यांत खेळांवरची पैज कायदेशीर झाली आहे. मुले कामावर, बाहेर थंडी, हातात फोन आणि टीव्हीवर गोल्फ, ही परिस्थिती काल्पनिक नाही.

म्हणून शुभंकर मंडळींनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. औषध नवे सुरू होते किंवा त्याची मात्रा वाढते, तो दिवस वहीत लिहून ठेवावा. पुढे स्वभावात बदल दिसला, तर ती तारीख डॉक्टरांना फार उपयोगी पडते. रात्रीचे जागरण, फोन लपवणे, पैशांच्या प्रश्नावर चिडणे, ‘लवकरच सगळे परत येईल’ अशी भाषा, उसनवारी, यांतले दोन-तीन एकदम दिसले तर वाट पाहू नये. विचारताना आरोपाचा सूर नको. ‘या गोळीने काहींना असे होते म्हणे, आपल्याला काही जाणवते का?’ इतकेच पुरे. आणि सर्वांत महत्त्वाचे, गोळी स्वतः होऊन बंद करू नये, कमीही करू नये. तो निर्णय मेंदूविकारतज्ज्ञांचाच.

मनावरचा भार असह्य झाला, रुग्णाच्या किंवा आपल्या स्वतःच्या, तर भारतात ‘टेलिमानस’ची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी जुगारविषयक राष्ट्रीय मदतवाहिनी ०८०८ ८०२० १३३ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असते.

हेही सांगितले पाहिजे की औषध नसतानाही हा नाद भल्याभल्यांना ग्रासतो. २०२१ साली पन्नाशीत पीजीए चॅम्पियनशिप जिंकून सर्वांत वयस्क विजेते ठरलेले फिल मिकलसन यांनी दोन वर्षांनी जाहीरपणे लिहिले की, आपली पैज करमणुकीची मर्यादा ओलांडून व्यसनात गेली होती आणि त्याची झळ कुटुंबाला बसली. ज्याला प्रत्येक मैदानाची इंच-इंच माहिती, त्याची ही कथा. मग घरात बसून भाव वाचणाऱ्याचे ज्ञान ते काय! आपल्या परंपरेला तर हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात फाशांच्या नादी लागलेल्या माणसाचे एक संपूर्ण सूक्त आहे आणि त्यात त्याच्या पत्नीचे दुःख आले आहे. धर्मराजाला द्यूताचे धोके कळत नव्हते, असेही नाही. कळणे आणि थांबता येणे या दोन वेगळ्या शक्ती आहेत, आणि दुसरी शक्ती आजाराने, औषधाने, एकटेपणाने क्षीण होऊ शकते.

पाच पौंडांची ती प्रथा आम्ही बंद केली. बुधवार मात्र सोडला नाही. ज्या माणसाच्या आठवड्यातून आपण काही काढून घेतो, त्याला त्या जागी काहीतरी द्यावेच लागते. नुसती मनाई रिकामी जागा भरीत नाही. आता मोठ्या स्पर्धेच्या आधी आमच्या मंडळातील सात-आठ ज्येष्ठ एकत्र बसतात, प्रत्येक जण तीन खेळाडू निवडतो आणि चिंचोक्यांवर पैज लागते. चिंचोके एका भगिनीने इस्लामपूरहून आणलेले आहेत. भाव नाना ठरवतात. गणित त्यांचे आजही चोख आहे, आणि दुकानदाराची चिमूट ठेवायला ते विसरत नाहीत.

आपल्या घरातही एखादे असे वयोवृद्ध माणूस असेल, ज्याच्या वागण्यातला पालट पाहून आपण मनातून दुखावले असाल. रागावण्यापूर्वी एकदा त्याच्या औषधांची डबी उघडा, त्यातील माहितीपत्रक उन्हात धरून वाचा, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना तो एक साधा प्रश्न विचारा. कदाचित आपण ज्याला दोष समजत आहात, तो केवळ एका गोळीचा परिणाम असेल. आणि त्यावर उपाय आहे.